पेव, गंज आणि गोदाम : अहमदपूर परिसरातील लहान शेतकरी व शेतमालाचा बाजार

१

शेतमालाच्या बाजारपेठेचा इतिहास लिहिताना भावांचे चढउतार, बाजारविषयक कायदे आणि दळणवळणाची साधने यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. शेतकरी कुटुंब आपला माल घरात आल्यानंतर तो विकण्यापूर्वी किती काळ थांबू शकत होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने या अवधीचे महत्त्व भावाइतकेच आहे. सुगीच्या दिवसांत भाव उतरतो आणि पुढे काही महिन्यांनी तो बहुधा चढतो, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. त्यास अडचण असते ती तेवढे महिने थांबण्याची. ही थांबण्याची शक्ती कोणत्या काळी कशातून उत्पन्न होत होती आणि ती कशी क्षीण झाली, याचा मागोवा अहमदपूर तालुक्याच्या आधारे घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

अहमदपूरचा परिसर बालाघाटच्या पठारावर वसलेला असून मन्याडच्या खोऱ्याचा वरचा भाग त्यात येतो. जमीन कोठे काळी व खोल, तर कोठे मुरमाड व उथळ आहे. शेती मुख्यतः पावसाच्या पाण्यावर होते. हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात बीदर जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो उस्मानाबाद जिल्ह्यास जोडला गेला आणि १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाल्यावर त्यात समाविष्ट झाला. एका शतकाच्या आत तालुक्याचे जिल्हा मुख्यालय दोनदा बदलले. पण मालाची वाट फारशी बदलली नाही. लातूर, उदगीर आणि नांदेड या तीन पेठांकडे येथील धान्य, कडधान्य व कापूस जात आला. अहमदपूरला रेल्वे आली नाही. लातूरची पेठ सुमारे ६५ किलोमीटरांवर असल्याने बैलगाडीच्या काळी माल घेऊन जाणे आणि परत येणे हे अनेक दिवसांचे काम होते. ही भौगोलिक वस्तुस्थिती पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवावी लागेल.

२

जुन्या व्यवस्थेचा विचार पेवापासून करणे योग्य होईल. पांढरीच्या कठीण जमिनीत खोल खड्डा खणावा, तो आतून शेणाने सारवून कडब्याने किंवा भुसाने मढवावा, त्यात वाळलेली ज्वारी भरावी आणि तोंड दगडमातीने लिंपून टाकावे, अशी ही साठवणीची पद्धत मराठवाड्यात सर्वत्र रूढ होती. हवा न लागल्याने धान्यास कीड लागत नसे. ते दोन-चार वर्षेदेखील खाण्याजोगे राही, मात्र त्यास एक उग्र वास येई. पेव उघडल्यावर आतील कोंदट वायू निघून जाईपर्यंत कोणी आत उतरत नसे; दिवा सोडून पाहण्याची चाल होती. ज्यास पेव शक्य नसे तो कणगीत धान्य ठेवी. एखाद्या घराची ऐपत त्याच्या पेवांवरून मोजली जाई.

पेवाचे आर्थिक कार्य केवळ साठवणीचे नव्हते. ज्या घरात वर्षाची ज्वारी आहे त्या घरास बाजारात जाण्याची घाई नसते. त्याने न्यावयाचा तो कापूस, जवस किंवा थोडी तूर. अन्नाची बाजू घरातच भागलेली असल्यामुळे विक्रीच्या पिकाचा सौदा पटला नाही तर गाडी परत आणण्याची मुभा त्यास होती. बलुतेदारांचे धान्य, शेतमजुरांची मजुरी, लेकीबाळींची पाठवणी या गोष्टी ज्वारीवर चालत. पाच माणसांच्या कुटुंबास रोज अडीच किलो धान्य लागते असे धरले, तर वर्षास ९ क्विंटलांहून थोडे अधिक धान्य होते. तेवढे घरात असणे म्हणजेच त्या कुटुंबाची बाजारातील पत होती. शिवाय हे धान्य काढण्याचे, मोजण्याचे आणि उसने देण्याचे काम बहुतांशी घरातील स्त्रीच्या हाती असे. कणगीतील पायली किती उरल्या हे तिला ठाऊक असे आणि विक्रीस काय काढावे यात तिचा शब्द लागे.

तथापि या व्यवस्थेचे चित्र रम्य करून मांडणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. मोठ्या जमीनदाराचे पेव भरे. उथळ जमिनीच्या कुणब्याचे आणि भूमिहीनाचे ते रितेच राही. आषाढ-श्रावणात धान्य संपले की त्यास सावकाराच्या दारी जावे लागे. तेथे धान्य सवाईने किंवा दिढीने मिळे. म्हणजे पेरणीच्या वेळी घेतलेल्या चार पायल्यांच्या सुगीत पाच किंवा सहा पायल्या फेडाव्या लागत. थोडक्यात, ज्याचे पेव भरलेले तो थांबू शके आणि ज्याचे रिते तो दुसऱ्याच्या थांबण्याची किंमत मोजी. हा भेद बाजारपेठेने निर्माण केलेला नाही. पुढील काळात बाजारपेठेने तो अधिक रुंद केला.

३

या प्रदेशात बाहेरच्या बाजाराचा प्रवेश प्रामुख्याने रेल्वेने झाला. बार्शी लाइट रेल्वे ही अरुंदमापी लोहवाट १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. १९३० च्या आसपास विकाराबाद–बीदर–परळी या रुंदमापी मार्गामुळे उदगीरलाही रेल्वेचे स्थानक लाभले. लातूर व उदगीर येथील गंजात म्हणजे धान्यपेठेत अडत्यांची दुकाने वाढली. लातूरच्या गंजगोलाईची रचना या व्यापाराची साक्ष आहे : मध्यभागी वर्तुळाकार इमारत आणि तेथून चहूबाजूंस फुटणारे १६ रस्ते.

रेल्वेमुळे अहमदपूरच्या शेतकऱ्याचा माल मुंबईच्या भावाशी जोडला गेला. परंतु त्या भावापर्यंत पोहोचण्याआधी दोन अडथळे होते. पहिला जकातीचा. १८०२ च्या तहापासून संस्थानच्या सरहद्दीवर मालाच्या किमतीवर ५ टक्के जकात घेण्याची प्रथा होती. दुसरा नाण्याचा. संस्थानात हाली सिक्का चाले आणि मुंबईचा सौदा कळदार रुपयात होई. साधारणतः ७ हाली रुपये म्हणजे ६ कळदार असे प्रमाण धरले जाई. मुंबईचा भाव, त्यातून जकात, वाहतूक, बट्टा आणि दलाली वजा करून गंजातील भाव ठरे. हा हिशेब अडत्यास अवगत होता. गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्यास तो कळण्याचे साधन नव्हते. त्यातच हत्त्याने भाव ठरविण्याची रीत होती. अडत्या व खरेदीदार रुमालाखाली बोटांच्या खुणा करीत आणि ज्याचा माल त्यासच बोली ऐकू येत नसे. भाव ठरल्यावर तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय अशा नावांनी कपात होई.

दोन-तीन दिवसांचा प्रवास करून आलेल्या माणसास, बैलांच्या वैरणीची सोय संपली असता, उतरलेला भाव नाकारून परत जाणे शक्य नव्हते. येथे थांबण्याच्या शक्तीचा दुसरा अर्थ स्पष्ट होतो. घरात धान्य असणे हा एक भाग आणि पेठेत दोन रात्री टिकून राहणे हा दुसरा. लहान शेतकऱ्यांपैकी कित्येकांनी या कारणाने पेठ टाळली आणि माल गावातील वाण्यास दिला. वाणी तो कमी भावाने घेई, परंतु बी, मीठ, कापड हे सारे त्याच्याच ओट्यावरून उधार येत असल्याने खात्यात वळते करून घेणेच सोयीचे पडे.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीने या जोडणीची दुसरी बाजू उघड केली. कापूस व तेलबिया यांचे भाव कोसळले. शेतसारा मात्र रोख रकमेत ठरलेला होता. त्याच सुमारास, १९२९-३० मध्ये, एस. केशव अय्यंगार यांनी हैदराबाद संस्थानातील ग्रामीण अर्थव्यवस्थेची पाहणी केली, तर १९३७ मध्ये एस. एम. भरुचा यांचा शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावरील अहवाल प्रसिद्ध झाला. ग्रामीण कर्ज हा राज्यकारभाराच्या चिंतेचा विषय झाल्याचे त्यावरून दिसते.

४

बाजारनियमनाची कल्पना मराठी मुलखास नवी नव्हती. १८८६ मध्ये वऱ्हाडातील कारंजा येथे कापसाचा पहिला नियंत्रित बाजार स्थापन झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. त्यामागे मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी दराने मिळावा हा हेतू प्रबळ होता. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने सर्वत्र नियंत्रित बाजार स्थापण्याची शिफारस केली. हैदराबाद संस्थानाने फसली १३३९ म्हणजे १९३० मध्ये आपला शेतमाल बाजार कायदा केला. खरी वजने, परवानाधारक अडते व तोलणार, आणि अनधिकृत कपातींना बंदी ही त्याची मुख्य अंगे होत. पेठेतील अन्यायाचे निदान या कायद्याने अचूक केले होते. परंतु व्यवहारतः त्याचा अंमल अधिसूचित पेठेपुरता राही. वाण्याच्या ओट्यावरील सौदा त्याच्या कक्षेबाहेरच होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात राज्यसंस्था स्वतःच खरेदीदार म्हणून पुढे आली. संस्थानात १९४३ पासून सक्तीची धान्यवसुली, अर्थात लेव्ही, लागू झाली. ठरलेला भाव बाजाराहून कमी असल्यामुळे आणि लहान शेतकऱ्याकडे विक्रीयोग्य वाढावा अत्यल्प असल्यामुळे ही वसुली त्यास विशेष जाचक झाली. ती कित्येकदा पेवातील पोटाच्या धान्यातूनच भरावी लागे. पेव हे आजवर सावकारापासून संरक्षण देत होते. राजसत्तेपासून ते देऊ शकले नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला, पुढे संस्थानी जकात व हाली सिक्का हे दोन्ही इतिहासजमा झाले आणि १९५६ च्या कायद्यानंतर पायली-मणांच्या जागी किलोग्रॅम व क्विंटल आले. पेठेत शेतकऱ्यास न कळणाऱ्या हिशेबाची एकेक पायरी अशी दूर होत गेली. या सुधारणांचे मोल कमी लेखता येणार नाही.

परंतु थांबण्याच्या शक्तीचा प्रश्न तसाच उरला, हे अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने दाखवून दिले. १९५१-५२ मध्ये केलेल्या या पाहणीचा अहवाल ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५४ मध्ये सादर केला. धनंजयराव गाडगीळ हे समितीचे एक सदस्य होते. देशातील शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के, तर व्यावसायिक व शेतकरी सावकार यांचा मिळून ६९.७ टक्के असल्याचे तीत आढळले. व्यापारी व अडते यांचा वाटा ५.५ टक्के होता. कर्ज, विक्री आणि साठवण ही तिन्ही एकत्र गुंफल्याखेरीज शेतकरी मोकळा होणार नाही, असा समितीचा निष्कर्ष होता. त्याचे फळ म्हणून १९५६ मध्ये वखार महामंडळांचा कायदा झाला आणि पुढील वर्षी राज्य वखार महामंडळ अस्तित्वात आले. पेवाचे काम आता सरकारी गोदामाने करावे, अशी ही योजना होती. १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन अधिनियमाने बाजार समित्यांना राज्यव्यापी चौकट दिली. उघड लिलाव, नोंदलेले वजन आणि हिशेबपट्टी हे हक्क शेतकऱ्यास मिळाले.

५

यानंतरचा मोठा बदल पेठेत न होता शेतात झाला. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले. उत्पन्न वाढले, परंतु काढणीच्या वेळी पाऊस लागल्यास हे खरीप धान्य काळे पडे आणि त्यास रब्बी ज्वारीचा भाव मिळत नसे. १९७२ च्या दुष्काळात पेवांची जी काही परंपरा उरली होती तिचीही परीक्षा झाली. गावोगाव माणसे दुष्काळी कामावर खडी फोडण्यास गेली. त्यानंतर शिधावाटपाचा गहू-तांदूळ घरात येऊ लागला आणि ज्वारी हेच अन्न हा नियम सैल झाला.

तेलाच्या बाबतीत असेच घडले. रब्बी ज्वारीच्या पाट्यांलगत करडई घ्यावी आणि घाण्यावर घरापुरते तेल काढून आणावे, ही या भागाची चाल होती. १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू होऊन देशी तेलबियांना संरक्षण मिळाले. मात्र १९९४-९५ पासून खाद्यतेलाची आयात खुली होत गेली. आयातकर ६५ टक्क्यांवरून १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर आला. स्वस्त पामतेलापुढे करडईचा टिकाव लागला नाही. घाणे बंद पडले आणि तेलही दुकानातून येऊ लागले.

या रिकाम्या झालेल्या जागेत सोयाबीन आले. १९९४ मध्ये प्रसारित झालेल्या जेएस-३३५ या वाणाने आणि पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वाणांनी हे पीक मराठवाड्यात रुजविले. त्याचा स्वीकार शेतकऱ्याने अविचाराने केला असे म्हणता येत नाही. सुमारे शंभर दिवसांत पीक निघते, मागून हरभरा घेता येतो, मजुरी कापसाहून कमी लागते आणि पैसा दिवाळीपूर्वी हाती येतो. लातूरच्या पेठेलाही त्याने नवे वैभव दिले. परंतु या पिकाचा एक गुणधर्म जुन्या सर्व पिकांहून भिन्न आहे : ते घरात कोणी भाकरीसारखे खात नाही. ज्वारी न विकता ठेवली तर ती अन्न होते; सोयाबीन न विकता ठेवले तर ते केवळ न फिटलेले कर्ज होते. पेवास येथे काही अर्थ उरत नाही. जे कुटुंब पूर्वी उत्पन्नाचा काही भागच बाजारात नेत असे, ते आता जवळजवळ सर्व उत्पन्न विकते आणि जवळजवळ सर्व अन्न विकत घेते. बाजाराशी त्याची गाठ वर्षातून एकदा पडत असे. ती आता दोनदा पडते, एकदा विकणारा म्हणून आणि एकदा घेणारा म्हणून.

याच काळात जमिनीचे तुकडे लहान होत गेले. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरांवर आले. म्हणजे ज्या वेळी थांबण्याची गरज वाढली त्याच वेळी थांबण्याचे साधन आक्रसले.

६

गेल्या दशकातील दोन घटनांवरून या स्थितीचे स्वरूप स्पष्ट होते. २०१५ च्या अवर्षणात तुरीचे पीक बुडाले आणि तूरडाळ किरकोळ बाजारात २०० रुपये किलोपर्यंत गेली. तेव्हा शेतकऱ्याच्या घरी तूर नव्हती. चढा भाव पाहून २०१६ मध्ये तुरीचा पेरा वाढला, पाऊसही चांगला झाला, आणि २०१७ च्या आरंभी भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली घसरला. दरम्यान मोझांबिकसारख्या देशांतून तूर आणण्याचे करार झाले होते. हमीभाव केंद्रांवर वाहनांच्या रांगा लागल्या, बारदाना अपुरा पडला. रांगेत कित्येक दिवस उभे राहणे ज्यास परवडले त्यास हमीभाव मिळाला. इतरांनी व्यापाऱ्यास माल दिला.

सोयाबीनचे उदाहरण याहून बोलके आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या पेठेत त्याचा भाव १०,००० रुपये क्विंटलच्या वर गेला. त्याच महिन्यात केंद्र शासनाने १२ लाख टन सोयापेंड आयातीस परवानगी दिली, सप्टेंबरअखेर अतिवृष्टीने उभे पीक भिजले आणि डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे व्यवहार स्थगित झाले. ऑगस्टच्या भावाचा लाभ ज्याने गतवर्षीचा माल राखून ठेवला होता त्यास झाला. तो लहान शेतकरी बहुधा नव्हता. २०२४ च्या सुगीत हमीभाव ४,८९२ रुपये असता पेठेतील भाव त्याखाली राहिला. शासकीय खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती, ती नोव्हेंबरमध्ये १५ टक्के करण्यात आली. परंतु परतीच्या पावसातील माल वाळविण्यास खळे, उन्हाचे दिवस आणि अवधी लागतो; कृषी सेवा केंद्राची उधारी आणि रब्बीच्या बियाण्याचा खर्च तेवढा अवधी देत नाही. म्हणून खेडा खरेदीचा काटा आजही गावात येतो आणि वाण्याच्या जुन्या ओट्याचे काम नव्या रूपात चालू राहते.

थांबण्याची सोय कागदोपत्री उपलब्ध आहे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू असून तीत गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के दराने मिळू शकते. उदाहरणादाखल १० क्विंटल सोयाबीन ४,२०० रुपये दराने धरल्यास किंमत ४२,००० रुपये, कर्ज ३१,५०० रुपये आणि सहा महिन्यांचे व्याज ९४५ रुपये होते. म्हणजे क्विंटलमागे ९५ रुपयांपेक्षा कमी खर्चात अर्धे वर्ष थांबता येते. दिढीच्या व्यवहाराशी तुलना करता हा फरक केवढा आहे, हे सांगावयास नको. तथापि थोडा माल असणाऱ्यास वाहतूक, वाळवण, प्रतवारी आणि फेऱ्या यांचा भार प्रमाणाबाहेर पडतो. ज्याच्या मालावर आधीच उचल आहे त्याचा माल तर गोदामापर्यंत जातच नाही. गोदामाची पावती पेवाची जागा घेऊ शकते. परंतु ती अद्याप गावाच्या पांढरीपर्यंत आलेली नाही.

७

वरील विवेचनावरून असे दिसते की, गेल्या शतकात अहमदपूर परिसरातील शेतकऱ्यास बाजारात न्याय मिळावा म्हणून झालेले प्रयत्न खोटे नव्हते. रुमालाखालची बोटे गेली, खोटी मापे गेली, जकात व बट्टा गेला. विकण्याचा हक्क क्रमाक्रमाने शुद्ध होत आला. न विकण्याची शक्ती मात्र, जी पूर्वी काही घरांना तरी पेवाने दिली होती, ती पिकांच्या बदलात हरवली आणि तिची भरपाई पतव्यवस्थेने पूर्णपणे केली नाही.

या स्थित्यंतराची नोंद शिधापत्रिकेवरही झाली आहे. २०१५ मध्ये राज्य शासनाने मराठवाडा व अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतील दारिद्र्यरेषेवरील शेतकरी कुटुंबांना गहू २ रुपये व तांदूळ ३ रुपये किलो दराने देण्याची योजना सुरू केली. लातूर जिल्हा त्यात होता. २०२३ मध्ये या धान्याऐवजी प्रतिव्यक्ती दरमहा १५० रुपये बँकखात्यात देण्याचा निर्णय झाला. ज्या घराच्या अंगणात कधीकाळी पेवाचे तोंड होते, त्या घराच्या अन्नाची तरतूद अशा रीतीने प्रथम दुकानात आणि नंतर खात्यावरील आकड्यात रूपांतरित झाली. कणगीत हात घालून पुढचे किती महिने निभतील हे सांगणाऱ्या गृहिणीस हा आकडा तसे काही सांगू शकत नाही. बाजारविषयक कोणत्याही भावी धोरणाची कसोटी भाव किती मिळाला एवढ्यावर न घेता, सुगीनंतर लहान शेतकरी किती दिवस थांबू शकला, यावरही घेतली गेली पाहिजे.